दक्षिणेकडे दार असलेलं घर

कुठल्याही वस्तीत गेलो की मी आधी घराकडे बघत नाही, समोरच्या गवताकडे बघतो. तिथे लहान मुलांच्या सायकली आडव्या टाकलेल्या असतील, त्यांना कुलूप नसेल आणि जवळपास कुणी मोठं माणूस राखणीला उभं नसेल, तर ती वस्ती मुलाबाळांच्या कुटुंबाला दाखवायला हरकत नाही. मग शाळा सुटायच्या वेळेला एकदा जाऊन यायचं. आईबाप फाटकापाशी एकमेकांशी बोलतात, की गाडीत काच वर करून बसतात, ते बघायचं. घर सगळ्यात शेवटी.

डब्लिनमध्ये गेली काही वर्षं मी हे काम करतो. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून माणसं इथल्या कंपन्यांत नोकरीला येतात. ती येण्याआधी त्यांच्यासाठी भाड्याचं घर, मुलांना शाळा, वीज-गॅसची सोय असं सगळं लावून देणारी एक लहानशी कंपनी आहे, तिच्यात मी नोकर. शिकावं लागतं ते नाकाने. एजंटने घरात सुगंधी मेणबत्ती लावली असेल, तर कुठेतरी ओल आहे असं समजायचं आणि सिंकखालचं प्रेस उघडून डोकं आत घालायचं. प्रेस म्हणजे इथल्या बोलीत कपाट. माझ्या एजंट लोकांना आता याची सवय झाली आहे. ब्रीडा नावाची एक प्रेमळ, जाडजूड बाई आहे, ती तर मी आलो की स्वतःच सगळी प्रेस उघडून ठेवते. म्हणते, "घे बाबा, घाल डोकं."

गिऱ्हाइकं नाना तऱ्हांची. एक गृहस्थ म्हणाले, "जिथे एकही इंडियन दिसणार नाही अशी जागा बघा." मी त्यांच्या समोरच उभा होतो. एक बाई म्हणाल्या, "चालत जाण्यासारख्या दुकानात कढीपत्ता मिळाला पाहिजे, बाकी तुम्ही म्हणाल ते." आणि बहुतेक सगळे, अगदी आम्ही असलं काही मानत नाही म्हणणारेसुद्धा, जाता जाता हळूच विचारतात, "दार कुठल्या दिशेला आहे हो?" दक्षिणेला म्हटलं की नवराबायको एकमेकांकडे बघतात आणि मी मनातल्या मनात ते घर खोडून टाकतो. इथल्या लोकांचं दुसरंच. त्यांना मागची बाग दक्षिणेला हवी, म्हणजे तिथे ऊन येतं. बाग दक्षिणेला म्हणजे दार उत्तरेला, ते आपल्याला चालतं. पण दार दक्षिणेला आणि बाग उत्तरेला असलेलं घर आयरिश माणूसही नको म्हणतो आणि आपलाही. अशी घरं जरा जास्त दिवस रिकामी राहतात. हे ज्ञान एके दिवशी माझ्या इतकं कामी येईल, आणि इतकं वाईट कामी येईल, असं वाटलं नव्हतं.

आता घरचं सांगतो. आम्ही मूळ मिरजेचे. माझी बायको वैशाली नर्स आहे, ब्युमॉन्टच्या मोठ्या हॉस्पिटलात. इथे आलो ते तिच्या नोकरीवर, मी तिच्या मागून. मिरजेत विम्याचं काम करत होतो, इथे आल्यावर आधी गोदामात, मग या कंपनीत लागलो. राहत होतो सिटीवेस्टला, एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. मुलगी रेवा बैठकीच्या खोलीत पुस्तकांच्या मांडणीआड झोपायची. लहान होती तोवर तिला ती गंमत वाटे. २०२० साली ती अकरा वर्षांची झाली, लॉकडाउनमध्ये शाळा घरी आली, आणि मांडणीच्या एका बाजूला तिचा वर्ग आणि दुसऱ्या बाजूला माझी गिऱ्हाइकं असं सुरू झालं. मी फोनवर कुणाच्या तरी मुलांसाठी "स्वतंत्र खोली, अभ्यासाला टेबल, खिडकीतून झाडं" असं मोठ्या आवाजात सांगत असे. मांडणीपलीकडून आवाज येई, "बाबा, कॅन यू बी क्वाएट? आयॅम इन क्लास." ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र असं.

त्याच वर्षी शरद ऋतूत घरमालकाने फ्लॅट विकायचा असल्याचं कळवलं. टाळेबंदीत भाडेकरूला बाहेर काढायचं नाही असा सरकारी नियम होता म्हणून आम्हाला मुदत मिळाली. पण नियम उठला की जावं लागणार, हे पक्कं होतं. रेवाची प्राथमिक शाळा उन्हाळ्यात संपणार होती. पुढे माध्यमिक शाळा कोणती, हे आम्ही कुठे राहतो त्यावर ठरणार. मी वैशालीला म्हटलं, "काळजी करू नको. घर शोधणं हा तर माझा धंदा आहे."

खरं सांगायचं तर तोवर मी आतून पुरता जळका झालो होतो. आमच्याकडे याला साधं 'जळणं' म्हणतात, आणि तोच शब्द बरोबर आहे, कारण ते छातीत जाणवतं. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान माणूस विमानातून उतरतो, मी त्याच्या हातात किल्ली ठेवतो, तो आत जाऊन म्हणतो, "ओके, नॉट बॅड." मी ज्या घराच्या जिन्याला मायेने हात लावून बघितला, त्याला तो 'नॉट बॅड' म्हणतो. मग मी बस पकडून सिटीवेस्टला येतो आणि मांडणीआडच्या पलंगावर वही पोटावर घेऊन झोपलेली पोरगी बघतो. गिऱ्हाइकांची मुलं मला 'अंकल, थँक यू' म्हणायची, तेही मला टोचायचं. मुलांचा काय दोष? पण टोचायचं.

२०२१च्या सुरुवातीला नागपूरचं एक कुटुंब माझ्याकडे आलं. सौरभ, त्याची बायको केतकी आणि दोन लहान मुलं. त्याला चेरीवूडच्या एका ऑफिसात मोठी नोकरी मिळाली होती. घर तिथून जवळ हवं होतं, समोर मोकळी जागा आणि हाकेच्या अंतरावर शाळा. तेव्हा कुणाला प्रवास करून घर बघायला येणं शक्य नव्हतं. मी एकट्याने रिकाम्या घरात जायचं आणि फोनच्या कॅमेऱ्यातून त्यांना दाखवायचं, अशी पद्धत पडली होती. वाटेत पोलीस थांबवून कुठे चाललात विचारायचे. दुसऱ्याचं घर बघायला, असं मी सांगायचो.

ब्रीडाचा फोन आला. "एक आहे बघ. जाहिरात अजून टाकलेली नाही. बाग उत्तरेला आहे म्हणून लोक नाक मुरडणार, पण घर ग्रँड आहे." ती ग्रँड म्हणते तेव्हा साधारणतः ठीकच असतं. मी गेलो.

बंद गल्लीच्या टोकाला घर होतं. समोर मोठं गवताचं मैदान, कडेला बुटकी झाडं, आणि सायकली आडव्या पडलेल्या. तीन खोल्या वर, त्यातली एक अगदी छोटी, जिला इथे बॉक्सरूम म्हणतात. फक्त एक पलंग आणि एक टेबल मावेल अशी. मी त्या खोलीत उभा राहिलो आणि रेवाचं टेबल कुठे येईल ते हाताने मोजलं. मग खाली येऊन सिंकखालचं प्रेस उघडलं. कोरडं. फोनवर दिशा बघितली. दार बरोबर दक्षिणेला.

मला आनंद झाला. तो आनंद कसला होता हे मला तिथल्या तिथे कळलं, म्हणूनच लिहितो आहे. भाडं आमच्या आवाक्याच्या थोडं वर होतं, पण ओढाताण करून जमलं असतं. आमच्या कंपनीचा नियम असा की ज्या गिऱ्हाइकासाठी घर कळलं त्याला ते आधी दाखवायचं. त्याने नाही म्हटलं तर पुढे ते कुणी घ्यावं यावर बंधन नाही. आणि नागपूरचं कुटुंब, दक्षिणेचं दार. नाही म्हणणारच होते ते.

व्हिडिओ लावला. पलीकडे सोफ्यावर सौरभ, केतकी, मध्ये सौरभची आई, आणि खालून अधूनमधून मुलांची डोकी.

"दादा, आवाज येतोय ना?" सौरभ म्हणाला.

"येतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे नंतर गैरसमज नको," मी म्हटलं, आणि ऑफिसचा दुसरा फोन कॅमेऱ्यासमोर धरून दिशेचा काटा दाखवला. "दार दक्षिणेला आहे. अगदी दक्षिणेला."

सौरभ आणि केतकीने एकमेकांकडे बघितलं. मला हवं होतं तसंच.

एरवी मी आधी मोठी खिडकी दाखवतो, मग स्वयंपाकघर. त्या दिवशी आधी मागची बाग दाखवली. इथे हिवाळ्यात ऊन नाही, कपडे वाळणार नाहीत, हे शेवाळ बघा. मग कपडे धुण्याच्या मशीनची कोंदट जागा. मग जिन्याखालचा अंधार. एक अक्षर खोटं बोललो नाही. इतकं खरं मी आयुष्यात कधी कुणाशी बोललो नसेन.

आजींनी चष्मा सारखा केला. "भाऊ, तुमी आमाले मोरीच काहून दाखवून रायले? समोर काय हाय?"

"समोर गवत आहे, आजी."

"मंग दाखवा न बाप्पा!"

मी दार उघडून फोन बाहेर वळवला. थंडी होती, पण ऊन पडलं होतं. दोन मुली पायाने रेटायच्या स्कूटरवरून एकमेकींना ढकलत होत्या आणि त्यांच्या मागे एक कुत्रं धावत होतं. सोफ्यासमोरची डोकी उठून पडद्याला चिकटली. आजी म्हणाल्या, "सौरभ, माह्यं आयक. दक्षिन असो का उत्तर, लेकरं डोयापुढं खेयतील. घ्या हे."

"आई! दक्षिण नको म्हणून तूच मागे लागली होतीस."

"थे नागपुरात. तिथं दक्षिनेचं ऊन भाजते. त्यायच्या गावात ऊन हायच कुठं?"

सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे तोंड तसं केलं. मग केतकीने विचारलं, "दादा, एक विचारू? तुम्हाला मुलगी आहे ना? तिच्यासाठी तुम्ही हे घर घेतलं असतं?"

हा प्रश्न आजवर एकाही गिऱ्हाइकाने मला विचारला नव्हता. फोन माझ्या हातात होता आणि कॅमेरा बाहेरच्या बाजूला, त्यामुळे त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. नाही म्हटलं असतं तर काम झालं असतं. दोन स्कूटरवाल्या मुलींकडे बघत मी म्हटलं, "हो. घेतलं असतं."

"मग ठरलं," केतकी म्हणाली.

त्या संध्याकाळी वैशाली ड्यूटीवरून आली. दोन बस बदलून, शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडून ती यायची. त्या हिवाळ्यात तिच्या वॉर्डात काय चाललं होतं ते मी इथे लिहीत नाही, तिनेही घरी कधी फारसं सांगितलं नाही. आली की बूट दाराबाहेर, सरळ आंघोळ, आणि मग कानांमागे मास्कचे वळ घेऊन ती खुर्चीत बसायची. मी चहा दिला आणि सगळं ओकलो. घर, बॉक्सरूम, दक्षिण, आजी. मला वाटलं होतं ती रागावेल, नाहीतर कीव करेल.

तिने विचारलं, "कुठे होतं म्हणालात?"

"चेरीवूडच्या अलीकडे."

"आणि मी ड्यूटीला कशी गेले असते हो?"

मी साखरेचा डबा तिच्याकडे सरकवला.

"इथून दोन बस लागतात. तिथून किती लागल्या असत्या? त्या सौरभचं ऑफिस आहे तिकडे. आपलं कोण आहे तिकडे?"

"रेवाला खोली मिळाली असती..."

"खोल्या काय फक्त तिकडेच बांधतात होय?" ती म्हणाली, आणि बशीत चहा ओतून प्यायली. मिरजेची सवय, दमली की अजून येते.

आपल्या लोकांची एक ठरलेली चूक आहे. नवऱ्याच्या ऑफिसवर बोट ठेवून त्याच्याभोवती घर शोधायचं. मी प्रत्येक कुटुंबाला बजावतो, की सगळ्यात दमून कोण घरी येतं त्याच्या बाजूने घर बघा. मी तर त्याहून पुढे गेलो होतो. दुसऱ्याच्या नवऱ्याच्या ऑफिसभोवती स्वतःचं घर शोधत होतो. ब्युमॉन्टकडे बघावं असं इतक्या महिन्यांत मनातच आलं नव्हतं. माझी श्रीमंत गिऱ्हाइकं तिकडचं मागत नसत, म्हणून मलाही ते नको होतं. मला काय हवं हेसुद्धा मी त्यांच्याकडूनच उचलत होतो.

एवढं कळल्याने जळणं थांबलं असं मात्र कुणी समजू नये. मार्चमध्ये सौरभचं कुटुंब आलं. आल्यावर दोन आठवडे घराबाहेर पडायचं नाही असा तेव्हाचा दंडक होता, म्हणून आदल्या दिवशी मी त्यांच्या घरात सामान भरून ठेवलं. तांदूळ, तूरडाळ, दूध, मुलांना बिस्किटं. हे माझ्या कामात बसत नाही, पण रिकाम्या प्रेसमध्ये हात घालणारी बाई मला बघवत नाही. डाळ ठेवताना मी ती आमच्या घरी ठेवतो तशीच, खालच्या फळीवर उजवीकडे ठेवली. मग उगाच राग आला आणि उचलून डावीकडे ठेवली.

त्या दोन आठवड्यांत मी भाजी घेऊन जायचो, पायरीवर पिशवी ठेवायचो आणि मागे सरकून खिडकीतून बोलायचो. मुलं काचेला नाक लावून उभी असत. केतकी आतून ओरडून सांगायची, "दादा, सकाळपासून इतकं ऊन येतं ना पुढच्या खोलीत!" मी अंगठा वर करायचो. एकदा वरच्या बॉक्सरूमच्या खिडकीत नजर गेली. तिथे त्यांनी इस्त्रीचं टेबल उभं केलं होतं. एका अख्ख्या खोलीत इस्त्री! परत येताना बसमध्ये मी डोक्यात त्या माणसांशी भांडलो. ती बिचारी माझ्यासाठी काचेआडून हात हलवत होती.

आम्हाला घर मिळालं ते माझ्या धंद्यातून नाही. वैशालीच्या वॉर्डातल्या एका नर्सची मावशी मुलाकडे गॉलवेला राहायला गेली आणि तिला घर सोडून द्यायचं नव्हतं. भाड्याने देऊ, पण ओळखीच्यांना, अशी तिची अट. जुनं, रांगेतलं घर. हॉलच्या भिंतींवर फुलाफुलांचा कागद, न्हाणीघर हिरवं. मी सवयीने प्रेसमध्ये डोकं घातलं. थोडा वास होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात वैशाली म्हणाली, "अहो, हे गिऱ्हाईक घर घेतंय. तुम्ही बाहेर थांबा."

जूनमध्ये आम्ही राहायला गेलो. आता वैशाली ड्यूटीला चालत जाते. रेवाला शेजारच्या शाळेत प्रवेश मिळाला आणि वरची मागची खोली मिळाली. आता पहाटे वैशालीच्या पावलांचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येतो, आणि थोड्याच वेळात ती पोचली असेल हे मला कळतं. इतकी वर्षं ती पोचायची तेव्हा मी पहिल्या गिऱ्हाइकाबरोबर असायचो.

त्या उन्हाळ्यात सौरभ आणि केतकी मुलांना घेऊन आमच्याकडे जेवायला आले. सौरभ म्हणाला, "दादा, गंमत बघा. ऑफिस अजून बंदच. चेरीवूडला मी एकदाच गेलोय, लॅपटॉप आणायला." म्हणजे ऑफिसजवळचं घर वायाच गेलं की! मला इतकं बरं वाटलं, की मी उठून त्याला आणखी एक पोळी वाढली. वाईट वाटायला हवं होतं हे मला माहीत होतं. तेवढ्यात केतकी म्हणाली, "पण ते घर आता सोडवत नाही हो. मुलं दिवसभर गवतावर. आम्ही तर सगळ्यांना सांगतो, दादांनी शोधून दिलं." माझी पोळी परत घ्यावी असं वाटलं.

जेवण झाल्यावर त्यांच्या मुलांनी रेवाला सोबत चल म्हणून धरलं. एक रात्र राहायला. रेवाने माझ्याकडे बघितलं. "बाबा, कॅन आय?" मी वैशालीकडे बघितलं. वैशाली दुसरीकडेच बघत होती, म्हणजे हे तुमचं तुम्ही निस्तरा. "जा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सौरभने तिला आणून सोडलं. गुडघे हिरवे, केसांत गवत. मी दारातच विचारलं, "काय मग, कसं आहे त्यांचं घर?"

"इट्स ग्रँड."

"समोरचं मैदान?"

"हेवनली, बाबा."

मला थांबता आलं असतं. "आपल्यापेक्षा चांगलं आहे?"

"अहो!" स्वयंपाकघरातून वैशाली ओरडली. "काय विचारताय पोरीला?"

रेवाने एक बूट काढला आणि दुसरा काढता काढता खरोखर विचार केला. तिने माझं मन राखायचा प्रयत्न केला नाही, मला दुखवायचाही नाही. शाळेत बेरीज विचारावी तसं तिने ते मनात करून बघितलं.

"येस," ती म्हणाली. "वे बेटर. आई, एनीथिंग टू ईट?"

आणि पोळीची गुंडाळी हातात घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. दार लागलं. मी खाली जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतो. थोड्या वेळाने वर काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

"रेवा, काय चाललंय?" वैशालीने विचारलं.

"आयॅम मूव्हिंग माय बेड! टू द विंडो! कुणी आत येऊ नका."

शेवटचं वाक्य ती मराठीत बोलली. मी वर गेलो नाही.